४४ सेकंद आणि अडीच तास

डब्ल्यूडब्ल्यूएफ बघत वाढलेल्या माझ्या पिढीला एक वाक्य तोंडपाठ आहे: 'अरे, ते सगळं खोटं असतं.' घरातलं कुणीतरी मोठं माणूस टीव्हीसमोरून जाता जाता ते टाकून जायचं. आम्हाला त्याने फारसा फरक पडत नसे. आमच्याकडे ट्रम्प कार्डं होती. त्यांवर प्रत्येक पैलवानाची रँक, उंची, वजन, छाती आणि दंड छापलेले असत, आणि छापलेलं खोटं कसं असेल?

पुढे यूट्यूब आलं. 'केफेब' हा शब्द कळला, म्हणजे ठरवून केलेलं खरंच आहे असं लोकांपुढे निभावून नेण्याचा कुस्तीवाल्यांचा आपसातला करार. मग तेच वाक्य आम्ही धाकट्यांना ऐकवू लागलो. मला मात्र त्याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न सोडत नव्हता. आत्ता खोटी आहे, ठीक. मग खरी कधी होती? कुठल्या साली, कुठल्या गावात ती खऱ्याची खोटी झाली?

याचं ठरलेलं उत्तर असं असतं की, पूर्वी इंग्लंड-अमेरिकेत खऱ्या कुस्त्या व्हायच्या, मग टीव्ही आला, पैसा आला आणि सगळ्याची सर्कस झाली. ऐकायला बरं वाटतं. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीचा इतिहास असाच सांगतात: आधी तूप साजूक होतं, मग डालडा आला. मी गेली काही वर्षं रात्री जागून, मिळेल ते वाचत आणि जुन्या चित्रफिती बघत या साजूक तुपाचा माग काढत गेले. तो माग इंग्लंडच्या उत्तरेला, कोळशाच्या खाणी आणि कापडाच्या गिरण्यांच्या लँकेशायरमध्ये जाऊन पोचला. आपल्या ट्रम्प कार्डांतला ब्रिटिश बुलडॉग, म्हणजे डेव्ही बॉय स्मिथ, तिथल्याच गोलबॉर्न गावचा.

*

ब्रिटनमध्ये 'कुस्ती' अशी एक नव्हती. प्रत्येक मुलखाची वेगळी होती.

कंबरलँड आणि वेस्टमोरलँड या डोंगराळ भागात दोन गडी छातीला छाती लावून उभे राहत, हनुवटी समोरच्याच्या उजव्या खांद्यावर, हात त्याच्या पाठीमागे एकमेकांत अडकवलेले. पकड सुटली की हरलात. पावलांखेरीज अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला की हरलात. जमिनीवरची झटापट नाहीच. दक्षिणेला कॉर्नवॉलमध्ये जाड कापडाचं जाकीट घालून खेळत, आणि पकड फक्त जाकिटाची. कॉर्नवॉलचे पैलवान आजही लढतीआधी शपथ घेतात की, दगाफटका आणि क्रूरपणा न करता खेळू. शेजारच्या डेव्हनमध्ये बूट घालून नडग्यांवर लाथा मारायची मुभा होती. १८२६ साली डेव्हनचा अब्राहम कॅन आणि कॉर्नवॉलचा पोल्किंगहॉर्न हजारो लोकांसमोर भिडले. शेवट वादात झाला, आणि दोन्ही मुलखांचे लोक तो वाद पुढे कित्येक वर्षं चघळत राहिले.

लँकेशायरची कुस्ती यांत सगळ्यात मोकळी आणि सगळ्यात खडतर. नावच 'कॅच-ॲज-कॅच-कॅन', म्हणजे सापडेल तिथे धर. पाय धरा, मान धरा, जमिनीवर लोळा. दोन्ही खांदे टेकवले की जिंकलात. आपल्या कुस्तीची सगळ्यात जवळची विलायती बहीण हीच. खाणकामगार आणि गिरणी कामगार ती पैजेवर खेळत, आणि बघणारे दोन्ही बाजूंनी पैसे लावत.

माझ्या साजूक तुपाच्या शोधाला पहिला धक्का इथेच बसला. टीव्ही सोडाच, विजेचा दिवाही नसलेल्या त्या काळात इंग्रजी खेळांच्या बोलीत एक शब्द रुळला होता: 'बार्नी', म्हणजे आधीच ठरवून खेळलेली लढत. कंबरलँडच्या मैदानांवर तर बक्षिसाचे पैसे आपसात वाटून घेऊन पडायचं, अशा तक्रारी सर्रास होत. जिथे पैज, तिथे पैज फिरवणाराही आला. आपल्याला हे कळायला इंग्लंडला जायची गरजच नाही. 'नुरा कुस्ती' हा शब्द आपण आज राजकारण्यांसाठी वापरतो, पण तो आला आहे आखाड्यातूनच. लढतीचं सोंग करायला भाषेत वेगळा शब्द पडतो, तेव्हा ती गोष्ट अपवादाने होत नसते.

*

तरी प्रश्न उरतोच. लबाडी प्रत्येक खेळात होते, म्हणून खेळ खोटा ठरत नाही. क्रिकेट आपण अजूनही बघतो. मग व्यावसायिक कुस्तीतच असं काय झालं की, ठरवून खेळणं हाच नियम होऊन बसला?

मला याचं उत्तर लंडनमधल्या दोन लढतींत सापडलं.

पहिली ३० जानेवारी १९०४ची, ऑलिम्पिया सभागृहातली. एका बाजूला एस्टोनियात जन्मलेला 'रशियन सिंह' जॉर्ज हॅकेनश्मिट. दोन वर्षांपूर्वी लंडनमध्ये आला तेव्हा अल्हाम्ब्रा नाट्यगृहात जॅक कार्कीक नावाचा पैलवान रोज स्टेजवरून प्रेक्षकांना आव्हान देत असे. हॅकेनश्मिट प्रेक्षकांतून उठून थेट स्टेजवर गेला आणि कार्कीकने लढायला नकार दिला. एका रात्रीत नाव झालं. दुसऱ्या बाजूला अहमद मद्राली, जाहिरातीतला 'भयंकर तुर्क'. लोकांची झुंबड उडाली, सभागृह खच्चून भरलं. लढत सुरू झाली, हॅकेनश्मिटने मद्रालीला उचलून आपटलं, मद्रालीचा हात निखळला. ४४ सेकंद. संपलं. लोकांनी जागेवर नीट बूड टेकायच्या आत.

दुसरी १० सप्टेंबर १९१०ची, शेफर्ड्स बुशच्या स्टेडियमवरची. ही आपल्याला जास्त माहीत असायला हवी, कारण यात आपला गामा आहे. गामा त्या वर्षी भाऊ इमाम बक्ष याच्यासोबत लंडनला गेला होता. माझ्यासमोर जो पाच मिनिटं टिकेल त्याला पाच पौंड, असं त्याचं आव्हान होतं. अमेरिकन पैलवान डॉ. बेंजामिन रोलर याला त्याने अल्हाम्ब्रात दोनदा चीत केलं. मग समोर आला पोलंडचा अवाढव्य स्टॅनिस्लॉस झिबिस्को. 'जॉन बुल' पट्टा आणि २५० पौंड पणाला. पहिल्या मिनिटातच गामाने त्याला खाली घेतलं. त्यानंतर झिबिस्को जो जमिनीला चिकटला, तो जवळपास सगळा वेळ तिथेच राहिला. पालथा, दोन्ही हात-पाय आवळलेले, पाठ आभाळाकडे. गामा त्याला उलटवायचा प्रयत्न करत राहिला. सुमारे अडीच तास. शेवटी अंधार पडू लागला, लढत बरोबरीत सोडवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढायचं ठरलं होतं, झिबिस्को आलाच नाही, पट्टा गामाला मिळाला. प्रेक्षक आणि वार्ताहर मात्र वैतागून गेले होते.

या दोन लढती मी मनात शेजारी शेजारी ठेवून बघते. दोन्हींत ताकदीला ताकद खरोखर भिडली. एक ४४ सेकंद चालली, दुसरी अडीच तास, आणि तिकीट काढून बघायला आलेल्या माणसासाठी दोन्ही सारख्याच निकामी होत्या. जोड विजोड असेल तर खरी कुस्ती डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते. जोड तुल्यबळ असेल तर ती हलतच नाही. यांच्या मधला, अर्ध्या तासाचा, चढउतारांचा, शेवटच्या क्षणी फिरणारा सामना क्वचित घडतो. नाट्यगृहाच्या मालकाला तर रोज रात्री आठ वाजता तोच हवा असतो.

हॅकेनश्मिटचा व्यवस्थापक सी. बी. कॉक्रन हे आधीच ओळखून होता. पुढे हाच माणूस लंडनचा नामवंत नाट्यनिर्माता झाला, यात सगळं आलं. त्याने हॅकेनश्मिटला एका मिनिटात संपवण्याऐवजी कुस्ती लांबवायला, लोकांना काहीतरी दाखवायला शिकवलं. कुस्तीचं नाटक व्हायला लबाडीपेक्षा घड्याळ जास्त कारणीभूत आहे, असं माझं मत इथे बनलं.

खऱ्या कुस्तीचं हे रटाळपण मला नवीन नव्हतं. कराडच्या बाजूला आमचं गाव. जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरायचं, पण तिथे बायकांनी जायची पद्धत नव्हती. आम्ही मुली एका गच्चीवरून लाउडस्पीकर ऐकायचो. हलगी तडतडू लागली की जोड सुटली. हलगी थांबली की कोण तरी चीत. शेवटची मोठी काटा कुस्ती असली की हलगी वाजतच राहायची. वीस मिनिटं, तीस मिनिटं. निवेदक नवीन काही सांगण्यासारखं नसल्याने देणगीदारांची नावं पुन्हा वाचायचा. मग आरडाओरडा, शिट्ट्या, 'निकाल लावा, निकाल लावा', आणि पंचांनी बरोबरीत सोडवलेली जोड. गामा-झिबिस्कोचं वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती हलगीच ऐकू आली.

*

झिबिस्कोची गोष्ट १९१०ला संपत नाही. १९२५ सालच्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात त्याची लढत वेन मन याच्याशी होती. मन हा मूळचा फुटबॉलपटू. देखणा, धिप्पाड, आणि कुस्तीत कच्चा. धंदेवाल्यांनी आपसात ठरवून त्याला जगज्जेता केला होता. पंचेचाळिशीतल्या झिबिस्कोने त्या रात्री हरायचं, असं ठरलेलं. झिबिस्को लढायला उतरला आणि खरी कुस्ती खेळला. मनला त्याने पुन्हा पुन्हा चीत केलं. शेवटी पंचाला निकाल देण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

ठरलेल्या निकालांच्या धंद्याची मेख त्या रात्री उघडी पडली. कागदावर कुणालाही जगज्जेता करता येतं, पण समोरचा बदलला तर कागद उपयोगाचा नाही. म्हणून पट्टा अशाच्या कमरेला बांधावा लागतो, जो वेळ आली तर तो खरोखर राखू शकेल. म्हणजे खोट्या कुस्तीलाही खऱ्या पैलवानाची गरज होती. लोकांना दाखवायला नव्हे, आतल्या आत, तिजोरीवरच्या राखणदारासारखी.

ब्रिटनमध्ये हा धंदा नव्या रूपात सुरू झाला डिसेंबर १९३०मध्ये. नाव 'ऑल-इन'. प्रवर्तकांत होता सर ॲथॉल ओकली, हा खानदानी किताबवाला बॅरोनेट, आणि त्याच्यासमोर बर्ट असिराती, ज्याच्या खऱ्या ताकदीला सगळे वचकून असत. सुरुवातीला लोकांना नवल वाटलं. मग दहा वर्षांत खुर्च्या, चिखल, रक्त आणि आचरटपणा एवढा वाढला की, लंडनच्या कौन्सिलने बंदी घातली.

युद्धानंतर या बदनाम धंद्याला अब्रू मिळवून देण्यासाठी १९४७ साली एक समिती बसली. तिचे सदस्य असे: ॲडमिरल लॉर्ड माउंटेव्हन्स, जे स्कॉटच्या शेवटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत त्यांचे उपप्रमुख होते. बीबीसी रेडिओवर गाजलेले कमांडर कॅम्बेल. खासदार मॉरिस वेब. आणि १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये खेळलेला पैलवान नॉर्मन मॉरेल, जो पुढे स्वतःच कुस्त्यांचा ठेकेदार झाला. यांनी वजनांचे सात गट पाडले, फेऱ्या ठरवल्या. तीनपैकी दोनदा चीत केलं किंवा हार कबूल करायला लावली की विजय. खाली पडलेल्याला मारायचं नाही. पंचाने तीन जाहीर ताकिदी दिल्या की बाद. बर्फाच्या खंडातून परत आलेला दर्यावर्दी ठरवून खेळल्या जाणाऱ्या लढतींसाठी गंभीरपणे नियम घालून देतो, हे चित्र मला फार आवडतं. ते नियम मात्र चांगले होते. त्यांनी अमेरिकेपेक्षा वेगळी, तंत्रावर भर देणारी ब्रिटिश कुस्ती घडवली. १९५२मध्ये बड्या ठेकेदारांनी 'जॉइंट प्रमोशन्स' ही संघटना केली आणि जवळपास सगळा धंदा एका मुठीत आला.

*

आणि याच काळात, विगन नावाच्या खाणकामगारांच्या गावात, बिली रायलीची तालीम होती.

रायली १८९६चा, स्वतः लँकेशायर पद्धतीचा कसलेला पैलवान. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने आणि त्याच्या पठ्ठ्यांनी एक साधी शेडवजा तालीम उभी केली. लोक तिला 'स्नेक पिट' म्हणू लागले, सापांचा खड्डा. ना आरसे, ना यंत्रं. एक मॅट आणि तिच्यावर एकमेकांना पिळून काढणारी माणसं. सांधे कुठल्या कोनात नेले की माणूस हार मानतो, याचं ज्ञान तिथे वस्तादाकडून पठ्ठ्याकडे हाताने दिलं जात होतं. असे डाव जाणणाऱ्याला तिथे 'हुकर' म्हणत.

बेल्जियमचा चार्ल्स इस्ताझ १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खेळून पुढे विगनला आला. ऑलिम्पिकचा गडी इथल्या माणसांनी सहज गुंडाळला, आणि तो मुकाट्याने नव्याने शिकायला बसला. पुढे कार्ल गॉच या नावाने तो जपानमध्ये गेला आणि तिथे त्याला कुस्तीचा देव म्हणू लागले. मँचेस्टरचा बिली रॉबिन्सन हाही तिथलाच. लहानपणी डोळ्याला इजा झाल्याने बॉक्सिंगची वाट बंद झालेला पोरगा. बिली जॉईस तर अंगाने लहान असूनही हेवीवेटचा ब्रिटिश किताब बाळगून होता, कारण तो त्याच्याकडून खरोखर काढून घेणं अवघड होतं.

आता यातली खरी गंमत. ही सगळी माणसं तालमीत प्राण कंठाशी येईपर्यंत खरी कुस्ती खेळत, आणि संध्याकाळी कुठल्यातरी टाउन हॉलमध्ये जाऊन ठरलेल्या निकालाची कुस्ती खेळत. पोट त्या संध्याकाळच्या कुस्तीवर भरे. 'खरा काळ' संपला आणि 'खोटा काळ' सुरू झाला, अशी रेघ मी शोधत होते. विगनमध्ये दोन्ही एकाच दिवसात, एकाच अंगात नांदत होते.

मला हे वाचून कळलं, पण पटलं आबांमुळे. आबा माझे आजोबा. तरुणपणी तालमीत घुमलेले, नंतर मुंबईत गिरणीत लागलेले. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगच्या कुस्त्या त्यांनी बघितल्या होत्या आणि त्यांवर त्यांचं मत ठरलेलं होतं: गडी खरा, कुस्ती खोटी. मी त्यांना फोनवर ११ डिसेंबर १९७५ची टोकियोतली लढत दाखवली. बिली रॉबिन्सन विरुद्ध अँटोनियो इनोकी, साठ मिनिटांची, १-१ बरोबरीत सुटलेली. रॉबिन्सन एक डाव जिंकतो, इनोकी वेळ संपता संपता दुसरा जिंकतो. निकाल उघडच ठरलेला.

आबांनी चष्मा पुसला आणि फोन जवळ धरला. पाचेक मिनिटं काही बोलले नाहीत.

"ह्यो गोरा कुणाचा पठ्ठ्या?"

"विगनचे एक वस्ताद होते आबा, रायली म्हणून."

"तालमीतला गडी हाय." मग थोड्या वेळाने, "पडतोय तवा आपल्या मर्जीनं पडतोय. पर धरतोय तवा खरं धरतोय. मनगट बघ की त्येचं, पोरी. ढिल्लं हाय का कुठं?"

मी मनगट बघितलं. मला काही वेगळं दिसलं नाही. आबांनी तीन-चार वेळा बोटाने थांबवून, मागे नेऊन दाखवलं: इथे वजन कमरेवर टाकलंय, इथे पाय अडकवायच्या आधी समोरच्याचा तोल काढलाय, हे सोंगात येत नाही, हे अंगात मुरावं लागतं. साठ मिनिटांची ती लढत आम्ही दोन दिवस बघत होतो. त्यानंतर मी जुन्या ब्रिटिश चित्रफिती निकालासाठी बघायचं सोडून दिलं. मनगटं बघायला लागले. आणि खरंच, काही दिवसांनी फरक दिसायला लागतो.

*

९ नोव्हेंबर १९५५ला वेस्ट हॅम बाथ्समधून आयटीव्हीवर पहिली कुस्ती दिसली. १९६५पासून 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' या कार्यक्रमात दर शनिवारी दुपारी चारला कुस्ती लागायची आणि केंट वॉल्टनच्या शांत आवाजातलं समालोचन घराघरांत ऐकू यायचं. मिक मॅकमॅनस, जॅकी पॅलो ही नावं क्रिकेटपटूंइतकी ओळखीची झाली.

त्या प्रेक्षकांत एक गोष्ट चटकन डोळ्यात भरते. पहिल्या रांगांत म्हाताऱ्या बायका. साध्यासुध्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, हातात पर्स. खलनायक दोरांपाशी आला की उठून त्याला पर्सने, छत्रीने बडवायच्या. कुस्तीचे शुद्धतावादी या बायकांचा उल्लेख हसून करतात, भाबड्या म्हणून. मला ते हसू येत नाही. लँकेशायरच्या पैजेच्या मैदानात या बायकांना कुणी पहिल्या रांगेत बसवलं नसतं. आमच्या गावच्या मैदानात मलाही नव्हतं बसवलं. मला कुस्ती पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली ती टीव्हीवर, ज्याला घरचे खोटं म्हणायचे. माझ्यासाठी दार उघडलं ते त्या 'खोट्या'ने. अर्थात दार पूर्ण उघडं नव्हतंच. बायकांनी बघायला हरकत नव्हती, पण बायकांच्या कुस्तीवर लंडनमध्ये कित्येक दशकं बंदी होती.

आणि याच शनिवारच्या चार वाजताच्या कुस्तीने तंत्राचा गळा आवळला, हेही तितकंच खरं. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात बिग डॅडीचं युग आलं. खरं नाव शर्ली क्रॅबट्री. प्रचंड पोट, चकचकीत टोपी, पोराटोरांचा लाडका, आणि कुस्त्या जुळवणारा त्याचा सख्खा भाऊ. १९८१ साली वेम्बली अरीनात तो जायंट हेस्टॅक्सशी लढला. हॉल तुडुंब, लढत तीनेक मिनिटांत आटोपली. मद्रालीच्या ४४ सेकंदांसारखीच छोटी. फरक एवढाच की, हॅकेनश्मिटच्या त्या एका फेकीमागे आयुष्यभराची मेहनत होती, इथे पोटाची एक धडक पुरत होती. तंत्र नसलं तरी हॉल भरतो, हे ठेकेदारांना कळलं. मग विगनच्या त्या तालमीत वर्षानुवर्षं हाडं मोडून घ्यायला कोण जाईल? १९८५मध्ये पॅलोने पुस्तक लिहून धंद्यातली सगळी गुपितं फोडली. तीन वर्षांनी, १९८८च्या डिसेंबरात, आयटीव्हीने कुस्ती बंद केली.

गुपित फुटलं म्हणून लोक गेले, असं सांगितलं जातं. मला तसं वाटत नाही. निकाल ठरलेला असतो हे पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनाही बहुतेक ठाऊक होतं. लोकांना हवी होती मनगटं. ती ढिली पडली.

*

मग ते सगळं ज्ञान गेलं कुठे? शोधलं तर सापडतं, फक्त भलत्याच ठिकाणी.

१९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जी 'कॅच-ॲज-कॅच-कॅन' खेळली गेली, तिचेच नियम आवळून, धोकादायक डाव काढून आजची ऑलिम्पिक फ्रीस्टाइल झाली. आपल्या वर्तमानपत्रांत 'फ्रीस्टाइल हाणामारी' म्हणजे नगरसेवकांनी एकमेकांची कॉलर धरणं. मूळचा अर्थ मात्र विगनच्या मातीतला आहे: सापडेल तिथे धर. १९४८ला लंडनमध्ये, कार्ल गॉच ज्या स्पर्धेत खेळला त्याच स्पर्धेत, कराडजवळच्या गोळेश्वरचा एक तरुण फ्लायवेट गटात मॅटवर उतरला आणि सहावा आला. खाशाबा जाधव. मातीत वाढलेल्या त्या पैलवानाने मॅटची कुस्ती आत्मसात केली आणि चार वर्षांनी हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं, ते फ्रीस्टाइलमध्येच. २०१६ला रिओत साक्षी मलिकने जिंकलेलं पदकही फ्रीस्टाइलचंच. ऑलिम्पिकमध्ये बायका कुस्तीचा हा एकच प्रकार खेळतात.

दुसरी वाट जपानची. उतारवयात बिली रॉबिन्सनने टोकियोत पठ्ठे तयार केले. त्यांतला काझुशी साकुराबा १ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीशी दीड तास लढला आणि जिंकला. ती लढत ठरवलेली नव्हती. संध्याकाळी ठरलेल्या कुस्त्या खेळून ज्यांनी पोट भरलं, त्यांनी राखून ठेवलेले डाव पन्नास वर्षांनी खऱ्या लढतीत कामी आले. फ्रान्समध्ये तर व्यावसायिक कुस्तीला आजही 'कॅच' हेच नाव आहे, लँकेशायरचं अर्धं नाव.

आणि झिबिस्को? १९२८च्या जानेवारीत तो पतियाळाला आला. समोर पुन्हा गामा. पन्नाशीला टेकलेले दोघे, मातीचा आखाडा, हजारोंची गर्दी. लंडनमध्ये अडीच तासांत न लागलेला निकाल इथे एका मिनिटाच्या आत लागला. गामा जिंकला. आत्ता कुणी मला कुस्ती खरी की खोटी असं विचारलं, तर मी आधी विचारते: कुठली, सकाळची की संध्याकाळची? आणि मग फोन काढून त्यांना रॉबिन्सनचं मनगट दाखवते.